किल्ला अजून पडलेला नाही

पुठ्ठ्याचा घोडा खाऱ्या पाण्यात लगेच बुडत नाही. आधी तो फुगतो, मग पोटाकडून सुटतो आणि शेवटी त्याची फक्त शेपूट तरंगत राहते. इतिहास पाठ करायचा नसून अनुभवायचा असतो, हे अशा वेळी पटतं.

नूतन मॅडमना ते पटवून घ्यावं लागलं होतं. त्या मूळच्या विज्ञानाच्या. इतिहासाचे सर बदलून गेले (नवीन सरांबाबत कार्यवाही सुरू आहे, म्हणजे काहीच सुरू नाही) आणि नववीचा इतिहास त्यांच्याकडे आला. पाठोपाठ 'अनुभवातून इतिहास' हे परिपत्रकही आलं.

गावासमोरच्या खडकावर एक लहानसा किल्ला आहे. पूर्वी कधीतरी ओहोटीला वाळूवरून चालत येऊन शत्रूने तो घेतला, एवढीच त्याची कथा. मुख्याध्यापक रामचंद्र सरांनी ठरवलं, ही लढाई मुलांनीच करायची. चिठ्ठ्या टाकल्या. किल्ला कोळीवाड्याच्या मुलांना आला, हल्ला मिठागराकडच्या आळीला. कोणाचंही मन दुखावलं नाही (त्या दिवशी).

पहिली लढाई पौर्णिमेला दुपारी बाराला झाली, कारण प्रमुख पाहुण्यांना तीच वेळ सोयीची होती. समुद्राला मात्र ती भरतीची वेळ होती. हल्लेखोरांचा सरदार निकेत कमरेइतक्या पाण्यातून परत फिरला. किल्लेदार चिराग तटावर भजी खात होता. किल्ला अजिंक्य आहे, असं पाहुण्यांनी भाषणात जाहीर केलं.

दुसरी तारीख चिरागच्या आजीने, वेणूबाईंनी सुचवली.

"अष्टमीला ठेवा मॅडम. दुपारची ओहोटी हाय. पोरं आरामात जातील."

ओहोटी खरंच होती. पण अष्टमीला भांग असते, म्हणजे पाणी मागे सरतं ते नावापुरतं. मॅडमना हे भरती-ओहोटीच्या तक्त्यात नंतर सापडलं. वेणूबाईंचा जन्म मासळीत गेलेला, त्यांना तक्ता लागत नाही. निकेतचा पुठ्ठ्याचा घोडा गेला तो त्याच दिवशी.

"आमचा पोर भिजतो आन् त्यांचा भजी खातो, ह्याला इतिहास म्हनता?" निकेतचे वडील हिरामण शेठ किनाऱ्यावरच भडकले. त्यांचे ट्रेलर बंदरात चालतात. "पुढच्या येळेस मी क्रेन आनतो!"

"आना की शेठ," वेणूबाई म्हणाल्या. "तवा काय क्रेन न्हवत्या, म्हनून तर ऱ्हायला ना किल्ला!"

यानंतर घटक चाचणी आली. 'लढाईचा निकाल काय लागला?' हा एका गुणाचा प्रश्न. सत्त्याण्णव टक्के मुलांनी लिहिलं, किल्ला पडला नाही. त्यांत हल्लेखोरही आले, कारण भिजलेले तेच होते. उरलेल्या तीन टक्क्यांनी 'किल्ला पडला' असं लिहिलं. हे तीन टक्के म्हणजे केसर. ती कोळीवाड्यातलीच. उत्तर घरी कळल्यापासून तिला सगळे 'फितूर' म्हणत होते, आणि ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटी बसत होती.

गुण कोणाला द्यायचा, हे गणपतीपासून लांबणीवर पडलं होतं. शेवटी पालकसभा बोलावली. सूचना आल्या. लढाई बरोबरीत सोडवावी. किल्ला पडला, पण वादळाने. किल्ला पडला, पण शाळेच्या वेळेबाहेर (ही त्यातल्या त्यात शास्त्रीय). रामचंद्र सर मतदानाच्या बाजूने होते. सत्य बहुमताने ठरलं की गावात शांतता राहते, हे त्यांचं निरीक्षण चुकीचं म्हणता येणार नाही.

मागच्या बाकावर केसर मान खाली घालून बसली होती. नूतन मॅडम उभ्या राहिल्या.

"ज्यांचे पूर्वज एखादी तरी लढाई हरले असतील, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. (वाचणाऱ्यांचाही गेलेला दिसत नाही.)

"छान," सर घाईने म्हणाले. "मग निर्णय पुढच्या सभेत—"

"निर्णय झालाय सर," मॅडम म्हणाल्या. "किल्ला पडला. केसरला एक गुण. बाकी सगळ्यांना शून्य, आणि ज्यांनी हात वर केला नाही त्यांनाही."