न पिकणारं पिंप

खंडूतात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, दारूचा थेंब त्यांनी उभ्या जन्मात जिभेला लावला नव्हता, आणि साऱ्या नारायणगावात घरी बिअर करणारे तेवढे एकच गृहस्थ होते. हे जरा विचित्र आहे असं कुणी म्हणालं की ते भडकायचे. "हलवाई सोताचं पेढं खात बसतो व्हय?"

मी तेव्हा तिथे पोस्टमास्तर होतो. पोस्ट आणि तात्यांचं घर यांत एकच भिंत, त्यामुळे माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पिंपाच्या वासाशी. तात्या वीस वर्षं खडकीच्या छावणीत, गोऱ्यांच्या मेसमध्ये होते. निघताना साहेबाने एक जुनं लाकडी पिंप आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी तात्यांनी काचेत बसवून देवांशेजारी टांगली होती. "सायबानं लिवलंय, खंडूवानी बिअर कुनाला जमायची न्हाई!" आमच्या आळीत इंग्रजी वाचणारा मी एकटा. चिठ्ठीत एवढंच होतं की, हा माणूस पिंपं स्वच्छ धुतो. मी "वा! वा!" म्हटलं, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

सातू भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, तांब्याच्या हंड्यात उकळायचे. कडूपणासाठी साहेबलोक विलायतेहून काय मागवत कोण जाणे. तात्या काडेचिराईत टाकत. त्यामुळे पिताना आपण तापावरचा काढा घेतोय असं वाटे, आणि माझ्यासारख्या सरकारी माणसाला ते सोयीचंच होतं. मग निवलेल्या पाण्यात मागच्या खेपेचा गाळ विरजणासारखा घालून पिंपाचं बूच सैलसर बसवायचं. इथून पुढे तात्या पिंपाला कान लावून बसत. कुणी धपधप चालत आला की हात वर. "पाय हळू टाका राव, ती कामाला लागलीया!" शिंक आली तरी अंगणात जावं लागे.

पिंप भरलं की रोज संध्याकाळी आमची बैठक. पिंपाच्या पट्ट्या ठोकणारा म्हादू लोहार, मी, आणि करीमभाई अत्तार. करीमभाई पीत नसत, पण वासावर मत द्यायला हक्काने येत.

"पिकली का, तात्या?"

"न्हाई. अजून आठ दिस."

मग गप्पा. मेसमधला कुठला कॅप्टन बुटांसकट झोपायचा, कुठल्या मडमेला पाल बघून फेफरं यायचं, हे सगळं आम्हाला तोंडपाठ झालं होतं. तरी हसायचो.

अशातच माझी धुळ्याला बदली झाली. निघायला आठवडा उरला. पिंप भरून दीड महिना होऊन गेलेला. जाण्याआधी एक पेला तरी मिळावा एवढीच माझी इच्छा, पण तात्या बुचाला हात लावू देईनात. "घाईनं नासंल."

शेवटी करीमभाईंनी मला बाहेर नेलं. "मास्तर, कवाच पिकली ती. आता आंबट वास मारतीया. माझं नाक खोटं बोलत न्हाई."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोटी उघडली की आम्ही दोन दिवसांत पिंप रिकामं करायचो, आणि पुढचं भरेपर्यंत तात्यांच्या उंबऱ्याकडे कुणी फिरकायचं नाही. मीही नाही, भिंतीपलीकडे असून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मंचरला दिलेली. मला स्वतःची लाज वाटली.

निघायच्या दिवशी दुपारी दारात बैलगाडी उभी राहिली आणि तात्या स्वतःच बोलवायला आले. म्हादूला आणि मला बसवलं, तोटी उघडली, पेले भरले. पहिल्या घोटालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हादू तर तोंड दाबून अंगणात पळाला. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कशी झालीया?"

मी घोट कसाबसा गिळला. "जरा कच्ची आहे, तात्या. राहू द्या पिंपात. दिवाळीला येईन, तेव्हा बघू."

तात्यांनी तोटी बंद केली. मग हसायलाच लागले.

"मास्तर, वीस वर्सं नाकानं बिअर वळखली मी. शिरका झालाय तिचा. पंधरा दिस झालं."

"मग उघडली का नाहीत?"

"उगडली असती, तर सांच्याला आला असता का तुमी?"

नाही, आलो नसतो. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

माझी वळकटी त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. स्वतः गाडीत नीट लावली, खाली पेंढा सारला, आणि बैल हलल्यावर म्हणाले, "दिवाळीला या. पिंप रिकामं असलं तरी या."

गेलो दिवाळीला. पिंप रिकामंच होतं. चांगला तीन दिवस बसलो.