वेणू आणि दौलत यांच्या प्रेमावरील हरकती

बोरगळीत व्हॅम्पायर आणि लांडगा यांना एकमेकांशी लग्न करायचं असेल, तर त्यांनी केलेलं प्रेम त्यांच्याआधी कुणी केलेलं नसावं, एवढी एकच अट होती.

अट जाचक नव्हती, निदान सुरुवातीला तरी नव्हती. गावात एक प्रकाशन मंडळ होतं आणि ते फक्त व्हॅम्पायर-लांडग्यांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या काढायचं. आधी मंडळानं लेखक ठेवून पाहिले. पण लेखक एकमेकांचं बघून लिहितात असा अनुभव आल्यावर लेखक बंद केले आणि जे प्रेम गावात खरोखर झालंय तेवढंच छापायचं ठरवलं. पुस्तकं हातोहात जायची. पुढं वाचकांच्या तक्रारी सुरू झाल्या. तेच जंगल, तेच धुकं, आणि 'माझ्यापासून लांब राहा' असं सांगून स्वतः मात्र जवळ जवळ सरकणारा तोच फिकट नायक. खरं प्रेमही एकमेकांचं बघूनच होतं, हे मंडळाच्या तेव्हा ध्यानात आलं. तेव्हापासून लग्नाआधी हरकती मागवायची पद्धत पडली.

जोडप्यानं उभं राहून आपलं प्रेम एकेक करून सांगायचं. आधीच्या जोडप्यांपैकी कुणी 'हे आमचं' म्हटलं आणि ते पटलं, की ते त्यांचं. म्हणजे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हे. ते खरोखरच ज्याचं त्याच्याकडे परत जायचं आणि नव्या जोडप्याच्या डोक्यात त्या जागी काही राहायचं नाही. तीन वार पुकारूनही हरकत आली नाही अशी एक तरी गोष्ट उरली, तर लग्न. काहीच उरलं नाही, तर एकानं डाव्या दारानं जायचं आणि दुसऱ्यानं उजव्या.

जाणाऱ्यांना वाईट वाटत नसे. दौलत निकमला धास्ती होती ती याचीच. गेल्या साली त्याचा चुलतभाऊ महिपत डाव्या दारानं बाहेर पडला तेव्हा दौलत तिथं उभा होता. चार वर्षं जिच्यासाठी झुरला ती उजव्या दारानं गेली, आणि महिपतनं दौलतला विचारलं, "इथं भजी कुठं बरी मिळतात रे?"

हरकती ऐकायला मंडळ बेदाण्याच्या सौद्याचा हॉल भाड्यानं घ्यायचं. वेणूच्या घरची व्हॅम्पायर मंडळी येणार म्हणून भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. अध्यक्ष हिंदुराव मोरे एरवी याच हॉलमध्ये बेदाण्याची बोली पुकारायचे, त्यामुळे हरकतीही ते त्याच आवाजात पुकारत. स्वतः साधे माणूस. ना रक्ताचे, ना केसाचे.

पहिल्या रांगेत वाचक प्रतिनिधी कुमुदकाकू वाळिंबे बसल्या होत्या. मांडीवर पावट्याच्या शेंगा, हात सोलण्यात, कान इकडं. मंडळाचं एकूण एक पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं आणि त्यांना त्यातलं काहीही विसरता येत नसे.

"घाबरू नकोस," वेणू दौलतच्या कानाशी म्हणाली. "आपलं बेदाणा शीतगृहातलं आहे. जंगल नाही, धुकं नाही. कुणाचं शीतगृहात झालंय?"

वेणू प्रभुणे शीतगृहात काम करायची. आत ऊन येत नाही आणि गारठा तिच्या अंगाला मानवतो. दौलत मोटारी रिवाइंड करायचा. तिथला कंप्रेसर बिघडला आणि तो दुरुस्तीला गेला, इथून सगळं सुरू झालं होतं.

"लाइट गेली होती," दौलतनं उभं राहून सांगितलं. "काळोखात मला फक्त हिचे डोळे दिसले. आणि हिला माझे."

"एक वार," हिंदुराव म्हणाले.

मागून आबा खाडे उठले. लांडग्यांमधले सगळ्यांत जुने. त्यांच्या शेजारी त्यांच्या व्हॅम्पायर पत्नी ताराबाई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. "डोळं आमचं हाय," आबा म्हणाले. "ऊस तोडताना. हिचं लाल, माझं पिवळं."

"शीतगृह आणि उसाचा फड यात फरक आहे," वेणू म्हणाली.

"फरक जागेचा," कुमुदकाकू शेंगेतून मान वर न करता म्हणाल्या. "डोळे तेच. नुसतं वातावरण बदललं म्हणजे नवीन झालं का गं? तसं तर मग लेखकच ठेवले असते."

"वजा," हिंदुराव म्हणाले.

दौलतला काही दुखलं नाही. आपण उभे का आहोत, एवढंच त्याला क्षणभर कळेना. लाइट गेल्याचं आठवत होतं, मोटारीचा जळका वास आठवत होता. पण त्या काळोखात आणखी कुणी होतं का, हे त्याला सांगता येईना. तिकडं आबा खाडे ताराबाईंकडं वळून तोंडभर हसले, जणू हरवलेलं काहीतरी बऱ्याच वर्षांनी सापडलं होतं.

"पुढचं," वेणू घाईनं म्हणाली. तिनं त्याचं बोट घट्ट धरलं. "हा पौर्णिमेला स्वतःला साखळीनं बांधून घ्यायचा. मला इजा होऊ नये म्हणून."

चार हात वर झाले. त्यातले पोटे म्हणाले साखळी आमची, दुसरे म्हणाले साखळी तुमची पण कुलूप आमचं, आणि बराच वेळ त्यांचं त्यांच्यातच जुंपलं. हिंदुरावांनी वाटणी करून दिली आणि वजा म्हणाले.

मग तहान लागलेली असतानाही ती त्याला चावली नाही, ते गेलं. दोन घराण्यांचं वैर तर सांगायला घेतल्या घेतल्या सगळा हॉल हसला. "ते संपलंय," हिंदुराव म्हणाले. "माझ्या आधीच्या अध्यक्षांच्या वेळीच संपलंय." तो ओरडला की दुरून तिला कळायचं, ते गेलं. त्याचे केस ती आपल्या काळ्या साडीवरून एकेक वेचून काढायची, यावर दौलतचा फार भरवसा होता. ताराबाईंनी बसल्या बसल्या नुसता पदर पुढं केला. त्यावर आबांचे पांढरे केस चिकटलेले होते. तेही गेलं.

दौलतनं आपल्या हाताकडं पाहिलं. एक बाई त्याचं बोट धरून उभी होती. ओळखीची होती, चेहऱ्यानं चांगली होती, पण बोट धरण्याइतकी ओळख केव्हा झाली? त्यानं हात हळूच, तिला वाईट वाटणार नाही असा सोडवून घेतला. तिनंही साडी सारखी केल्यासारखं केलं. दोघांत वीतभर अंतर पडलं.

काहीतरी वाचवायचं आहे एवढं मात्र कळत होतं. काय वाचवायचं आहे ते कळत नव्हतं.

"आणखी काही?" हिंदुरावांनी विचारलं. त्यांनी डाव्या-उजव्या दारांकडं एकदा बघून घेतलं.

"शिरा," दौलत म्हणाला. आपण हे राखून ठेवलं होतं, असं त्याला अंधुक आठवलं. "बघण्याच्या कार्यक्रमाला ह्यांच्या घरी गेलो होतो. शिऱ्यात बेदाणे होते."

हॉलमधल्या लांडग्यांनी श्वास रोखला. लांडग्याला बेदाणा विष असतो. बोरगळीत राहायचं आणि बेदाण्यापासून जपून राहायचं, यातच त्यांचं अर्धं आयुष्य जातं.

"खाल्लात?"

"सगळा खाल्ला."

"एक वार."

कुमुदकाकूंनी या वेळी मान वर केली. "नायिकेसाठी नायक विष घेतो. वाचलंय. दोनदा."

"ते बाटलीतलं असेल काकू," दौलत म्हणाला. "हा शिरा होता."

"बशीतलं असो की बाटलीतलं. प्रेमापोटी घेतलं ना? मग तेच झालं."

हिंदुराव पुढं झुकले. "एक मिनिट. हे नीट झालं पाहिजे. दौलतराव, शिरा तुम्ही प्रेमापोटी खाल्लात की संकोचापोटी? प्रेमापोटी असेल तर काकूंची हरकत मान्य करावी लागेल. संकोचापोटी असेल तर ते प्रेमच नाही. मग आम्हाला ते विचारात घेता येत नाही."

कुमुदकाकूंच्या शेंगा थांबल्या. प्रेमापोटी म्हणावं, तर गेलं. संकोचापोटी म्हणावं, तरी गेलं. तिसरं काही सुचेना, म्हणून तो खरं बोलला.

"संकोचापोटी. कुणाच्याही घरी खाल्ला असता. समोर आलेलं नको म्हणायची आमच्यात रीत नाही."

"मग तो तुमच्याकडेच राहू द्या," हिंदुराव म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं. "संकोच मंडळाच्या कक्षेत येत नाही. बरं तर. डावीकडून तुम्ही, आणि उजवीकडून बाई—"

"थांबा," वेणू म्हणाली. "शिरा मी केला होता."

"असेल. पण—"

"बेदाणे मी मुद्दाम घातले होते."

लांडग्यांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. हिंदुरावांनी हात वर करून ती थांबवली. "ह्या गृहस्थांना मारायचं होतं?"

"छे. हे लांडगे आहेत हे दादांना, माझ्या वडिलांना, माहीत नव्हतं, आणि सांगायचं मला धाडस नव्हतं. म्हटलं, समोर शिरा आला की हे म्हणतील, 'मी बेदाणे खात नाही.' दादा काय समजायचं ते समजतील. माझ्यावर सांगायची पाळी येणार नाही." ती थांबली. "ह्यांनी खायला सुरुवात केली. मग काय करणार? सगळे बघत होते."

"मग?"

"ताट रिकामं दिसलं की आई वाढते. तिला कळत नाही. आमच्यात कुणी जेवत नाही ना, त्यामुळे पाहुण्याला किती वाढायचं याचा तिला अंदाज नाही. हे हिरवे पडले होते आणि आई म्हणत होती, आणखी एक मूद घ्या, लाजू नका. हे म्हणाले, वाढा."

"वाढा म्हणाले," हिंदुरावांनी खात्री करून घेतली.

"दुसऱ्यांदासुद्धा. मग मी ह्यांचं ताट ओढलं आणि दुसरी मूद मी खाल्ली."

व्हॅम्पायरांच्या बाजूनं कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. शंभर वर्षांत ज्या पोटात अन्नाचा कण गेला नाही, त्यात शिरा.

"प्रेमापोटी?" कुमुदकाकूंनी विचारलं. आवाजात सापळा होता.

"आता आठवत नाही," वेणू म्हणाली. "आई थांबत नव्हती, एवढं आठवतं. नंतर आम्ही दोघं मागच्या मोरीवर होतो. दोघांनाही उलट्या. इतक्यात दादा तिथं आले आणि विचारलं, काय झालं?"

"आणि?"

वेणूनं दौलतकडं पाहिलं. दौलतला मोरीचा गार दगड आठवला. कंबरेत वाकलेला आपण. शेजारी आणखी कुणीतरी वाकलेलं. तोंड पुसून दोघं एकदम उभे राहिले होते.

"शिरा फार छान झाला होता," दौलत म्हणाला.

"शिरा फार छान झाला होता," वेणूही म्हणाली. "असं आम्ही दोघं एकदम म्हणालो. ठरवलं नव्हतं."

हिंदुरावांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे खोटं बोललात."

"हो."

"आईला वाईट वाटू नये म्हणून? की दादांना संशय येऊ नये म्हणून? की एकमेकांसाठी?"

"ते विचारायला वेळ नव्हता," दौलत म्हणाला. "परत उलटी झाली."

"कशापोटी ते ठरत नसलं, तरी दोघांचं मिळून आहे. पुकारायला हवं," म्हणत हिंदुरावांनी कुमुदकाकूंकडं पाहिलं. काकूंनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. मंडळाची सगळी पुस्तकं त्या एकेक करून चाळत होत्या, हे सगळ्यांना दिसत होतं.

"एक वार," हिंदुराव म्हणाले.

कुणी हललं नाही. दौलतनं शेजारच्या बाईकडं पाहिलं. तिनं मूठ आवळली होती. ती मूठ धरावी असं त्याला वाटलं, पण हात धरणं कुणाचं तरी असणार म्हणून त्यानं धरली नाही.

"दोन वार."

मागं खुर्ची वाजली. आबा खाडे अर्धे उठले होते. एक बोट वर. "आमच्याबी घरी एकदा—"

ताराबाईंनी त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. "बसा गप. आपल्या घरी कोण कुणाला छान म्हणालंय?"

आबांनी विचार केला आणि बसले.

कुमुदकाकूंनी डोळे उघडले. "हे नाही वाचलं," त्या म्हणाल्या. मग जरा नाराजीनं, "वाचवेल का ते छापल्यावर कळेल."

"तीन वार," हिंदुराव म्हणाले.

दोघांना मधल्या दारानं बाहेर जायला सांगितलं. ते फारसं उघडत नसल्यानं त्याची कडी गंजली होती. दोघांनी मिळून ती ओढली. बाहेर पत्र्याच्या सावलीत एक बाक होता. मुहूर्त ठरेपर्यंत तिथं बसायचं होतं. दोघं दोन टोकांना बसले.

"तुमचं नाव वेणू ना?" दौलतनं विचारलं.

"हो. आणि तुमचं?"

"दौलत."

"बरं आहे नाव," ती म्हणाली. उन्हाची कड तिच्या पायापर्यंत आली तशी ती थोडी आत सरकली. म्हणजे त्याच्याकडं.

आयुष्यात दौलतनं कुणाच्या घरच्या पदार्थाला नाव ठेवलं नव्हतं. पण या बाईशी आता लग्न होणार होतं.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "शिऱ्यात मीठ होतं. साखरेच्या जागी."

वेणूनं त्याच्याकडं बघितलं. "किती?"

"साखर जेवढी घालतात तेवढं."

"आमच्या घरात सगळे पाहुणे छान म्हणतात," ती हळू म्हणाली. "आजीच्या वेळेपासून. आम्हाला चव कळत नाही, त्यामुळे..." तिनं वाक्य सोडून दिलं. "कुणी सांगितलंच नाही कधी."

"मी सांगत जाईन," दौलत म्हणाला.

आत हिंदुरावांनी पुढच्या जोडीचं नाव पुकारलं.