हाय, लो आणि पहिली ओळ

"अगं, पिन हायला लावू की लोला?"

बाई आरशासमोर केस विंचरत होत्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी गेल्या सतरा दिवसांत 'हाय', 'लो', 'तुम्हाला हवं तिथं' आणि 'माझ्या डोक्याला' अशा सगळ्या प्रकारे देऊन पाहिलं होतं. आज त्यांनी नुसता कंगवा खाली ठेवला.

"तुमचं जेवण झाकून ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि ग्रंथालयात कामाला निघून गेल्या.

त्यांचे यजमान वजनमापे निरीक्षक. म्हणजे वर्षापूर्वीपर्यंत होते. ऑफिसनं त्यांना सोडलं, सवयीनं सोडलं नव्हतं. दुकानदाराचा काटा तीनदा तपासायचा, तिन्ही आकडे वहीत लिहायचे आणि मगच शिक्का मारायचा, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. घरी दूध उतू जातंय का हेही ते तीनदा पाहत. दुसऱ्या वेळेपर्यंत ते शेगडीवर आलेलं असे.

लग्न ठरलं तेव्हा निरीक्षकांनी बाईंना शब्द दिला होता, की तुझं आवडतं गाणं तुला गिटारवर अख्खं वाजवून दाखवीन. त्याला एकतीस वर्षं झाली. आता शनिवारी बाई निवृत्त होणार होत्या, निरोप समारंभाच्या पत्रिकेत 'यजमानांचे गिटारवादन' असं छापून आलं होतं आणि लेक मागे ठेवून गेलेली गिटार माळ्यावरून खाली उतरली होती. बाई वरवर "कशाला उगाच" म्हणाल्या, पण पत्रिका त्यांनी पर्समध्ये जपून ठेवली. एवढं एक गाणं पदरात पडावं, बाकी काही नको, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सगळं बरं चाललं होतं, तोवर जुन्या बाजारातून अँप्लिफायर आला. त्याला गिटारची पिन लावायच्या दोन जागा होत्या. एकीवर लिहिलं होतं हाय, दुसरीवर लो. झालं! निरीक्षकांनी वही काढली. गाण्याची पहिली ओळ हायला वाजवायची, पिन उपटायची, तीच ओळ लोला वाजवायची. असं तीनदा. मग नोंद, मग चहा, मग पुन्हा पहिल्यापासून.

"आणि दुसरी ओळ कधी?" बाईंनी विचारून पाहिलं.

"आधी जागा ठरू दे. पाया पक्का नको?"

हायचा आवाज दणदणीत. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. तिसऱ्या दिवशी डॉक्टर हातमोज्यांसकट वर आले.

"साहेब, मी पेशंटला तोंड उघडायला सांगतो आणि वरून तुमचं टँग होतं. तो दचकून तोंड मिटतो. माझं बोट आत असतं हो!"

निरीक्षकांना फार वाईट वाटलं. त्यांनी लगेच पिन लोला लावली. लोचा आवाज बारीक, आणि निरीक्षकांचा डावा कान जरा जड. म्हणून त्यांनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. संध्याकाळी डॉक्टर पुन्हा वर आले. या वेळी दोन बोटांना पट्टी होती.

शेवटी बाईंनीच यजमानांना वाद्यांच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्या गिटारला हाय. डोळे मिटून लावा." बाईंचा जीव भांड्यात पडतोय, तोच तो पुढे म्हणाला, "पण लोला लावली तरी काही बिघडत नाही. जरा गोड वाजते." या 'पण'पायी आणखी दोन दुकानं झाली. दुसरा दुकानदार लो म्हणाला. तिसऱ्यानं विचारलं, "पण वाजवणार काय?" हे निरीक्षकांना विषय सोडून बोलणं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी निकाल लागला. "हाय," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी वहीत सही केली. बाईंना नुसतं रडू यायचं बाकी होतं.

शनिवारी दुपारी ग्रंथालयाचा वाचनकक्ष भरला. बोटांच्या पट्ट्या सुटलेले डॉक्टर तिसऱ्या रांगेत होते. 'शांतता राखा' या पाटीखाली अँप्लिफायर मांडला होता. निरीक्षकांनी पिन हायला लावली आणि पहिली ओळ वाजवली. काय सुरेख वाजली! वाजणारच, सतरा दिवस तीच घोटली होती.  दुसरी ओळ ऐकायला बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

निरीक्षकांचा हात पुढे गेला. त्यानं पिन उपटली आणि लोला लावली. पुन्हा पहिली ओळ. मग परत हाय, परत पहिली ओळ. मग हात थांबला. निरीक्षकांनी गिटारकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बाईंच्या लक्षात आलं. पुढचं यांनी बसवलंच नव्हतं. एकतीस वर्षं वाट पाहून पदरात काय पडलं, तर एक ओळ, तीनदा.

त्या शांततेत कुणीतरी दुसरी ओळ गुणगुणली. सगळ्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर ओशाळले.

"माफ करा. सतरा दिवस पहिली ओळ डोक्यात अडकली होती. पुढचं काय ते कळेना, म्हणून शेवटी गाणं शोधून पाठच केलं."

"मग थांबलात कशाला? म्हणा ना!" बाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. याच खोलीत ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. तिसरी ओळ त्यांनी स्वतःच उचलली, चांगल्या खणखणीत आवाजात. मागे निरीक्षक सापडेल तिथं टँग करत राहिले.

घरी येताना दोघांनी मिळून अँप्लिफायर जिन्यावर चढवला. मधल्या पायरीवर दम खाताना निरीक्षक म्हणाले, "चुकलंच माझं. गाणं मी द्यायचं आणि तुलाच म्हणायला लावलं."

बाईंना रागवायचं होतं, पण त्या फार दमल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर गाताना त्यांना फार बरं वाटलं होतं. "असू द्या," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून मी घरीच आहे. दुसरी ओळ मी बसवून घेते."

सोमवारी सकाळी बाई समोर खुर्ची टाकून बसल्या. निरीक्षकांनी गिटार घेतली, पिन उचलली आणि ते थबकले. "अगं, पण ही ओळ वेगळी. हिला हाय की लो?"

बाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात खालून डॉक्टरांची हाक आली.

"साहेब, कुठंही लावा, पण उरका! पेशंट तोंड उघडून बसलाय!"