चार सेकंदांत सुरू होणारा लॅपटॉप

जन्मनोंदणी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर सोमवारी सकाळी साडेदहा वाजता नवा लॅपटॉप आला. भांडारपालांनी तो दोन्ही हातांवर आडवा धरून, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा, एकेक पायरी मोजत वर आणला. साहेब केबिनच्या दारापर्यंत आले. साहेब सहसा दारापर्यंत कोणासाठीच येत नाहीत, त्यामुळे प्रसंगाचं गांभीर्य सर्वांच्या लक्षात आलं आणि टाइमपास करणारेसुद्धा उठून उभे राहिले.

लॅपटॉप ज्यांच्या टेबलावर बसायचा होता त्यांना सगळं कार्यालय दाखलेभाऊ म्हणे. छत्तीस वर्षं हा माणूस जन्माचे दाखले देत होता. शहरातली निम्मी माणसं आपण जन्मलो आहोत हे त्यांच्या अक्षराच्या किंवा प्रिंटच्या जोरावर सिद्ध करत होती. दाखला नव्हता तो फक्त एकाच व्यक्तीकडे, आणि ती म्हणजे भाऊंची स्वतःची मुलगी. नोंद रजिस्टरात होती, दाखला काढायचा तेवढा राहिला होता. घरचंच तर काम, दहा मिनिटांचं, आज नाही तर उद्या, असं करता करता मुलगी एकोणीस वर्षांची झाली.

आता मात्र निकड होती. दोनदा हुकलेली नर्सिंग कॉलेजची जागा तिला तिसऱ्या वर्षी मिळाली होती. शनिवारी दुपारी बारापर्यंत जन्मदाखला दिला तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची.

"बाबा, बारा म्हणजे बारा हं," तिने सोमवारी सकाळी चपला घालता घालता बजावलं होतं.

"अगं, दाखला देणारा बाप घरात असताना तू कसला घोर लावून घेतेस? आज संध्याकाळी घेऊन येतो," असं म्हणून भाऊ निघाले होते. बिचारे खोटं बोलत नव्हते. लॅपटॉप येणार आहे हे त्यांना कुठे ठाऊक होतं.

भाऊंनी भांडारपालांना अगदी नम्रपणे विनंती केली. "नवा चालू व्हायला वेळ लागेल. तोवर जुन्या कॉम्प्युटरवर एक दाखला काढून घेतो. घरचा आहे."

"नवीन मिळाल्याची सही केलीत ना तुम्ही?"

"केली."

"मग जुना जमा झाला. कागदोपत्री आता तो बंद आहे."

"अहो, तो बघा, पंखा फिरतोय त्याचा."

"पंखा काय, कागद वाचून थोडाच फिरतो," भांडारपाल म्हणाले आणि त्यांनी जुन्या कॉम्प्युटरची वायर ओढली, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, वर लाखेचं सील ठोकलं. बारा वर्षांचा तो म्हातारा घरघर करायचा, तापायचा, पण दिवसाला साठ दाखले द्यायचा. त्याला जिन्याखालच्या खोलीत नेऊन ठेवलं.

नव्या लॅपटॉपचा पासवर्ड कोणाकडे असावा, यावर बैठक झाली. एकाच माणसाकडे असणं धोक्याचं, दोघांकडे असणं संशयाचं. म्हणून पासवर्डाचे तीन तुकडे करून साहेब, भांडारपाल आणि दाखलेभाऊ यांना एकेक देण्यात आला. एकाने आपला तुकडा टाइप करताना उरलेल्या दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असंही ठरलं. भांडारपालांची बसायची जागा तळमजल्यावर आणि गुडघे दोन्ही दुखरे. लॅपटॉप मिटला की त्यांना निरोप जाई, ते वर येत, श्वास घेत, भिंतीकडे बघत. ग्राहक खिडकीतून हे पाहायचे आणि शाळेत शिक्षा झालेली तीन मुलं बघितल्यासारखे गप्प व्हायचे.

मंगळवारचा दिवस अपडेटमध्ये गेला. पडद्यावर 'कृपया बंद करू नका' असं आलं. साहेबांनी ते कार्यालयीन आदेश म्हणून घेतलं आणि दिवे, पंखे, खिडक्या, पाण्याचा नळ, यातलं काहीच बंद न करण्याचं तोंडी फर्मान काढलं. नळ दुपारपर्यंत वाहिला आणि मग टाकीच संपली.

बुधवारी सकाळी अपडेट आटोपलं. भाऊंनी हात चोळले. आज पहिला दाखला लेकीचा. तेवढ्यात वरून परिपत्रक आलं. सर्व नव्या लॅपटॉपचं वापरापूर्वी 'इष्टतमीकरण' करून घ्यावं आणि ते दहा सेकंदांच्या आत सुरू होतात असं प्रमाणित करावं. इष्टतमीकरण म्हणजे काय, हे कार्यालयात कोणालाच कळलं नाही. त्यामुळे कोणी विरोधही केला नाही. परिपत्रकामागोमाग गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेल्या एक बाई आल्या. त्यांच्या ओळखपत्रावर 'वेगतज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं.

बाईंनी लॅपटॉप सुरू केला, स्टॉपवॉच दाबलं आणि पुन्हा दाबलं. "एकेचाळीस सेकंद," त्या म्हणाल्या. "लाजिरवाणं आहे."

साहेबांनी लगेच मान खाली घातली.

"यावर तुम्ही काय करता?" बाईंनी भाऊंना विचारलं.

"दाखले काढतो. म्हणजे काढणार आहे. अजून एकही काढलेला नाही."

"बरं झालं. मग अजून वाचवता येईल."

आणि त्या कामाला लागल्या. कॅलेंडर काढलं, कॅल्क्युलेटर काढला, घड्याळ काढलं. अठ्ठावीस सेकंद झाले. मग बाईंच्या लक्षात आलं की हे यंत्र जागं झाल्या झाल्या आधी प्रिंटर शोधायला लागतं आणि त्यात त्याचे सहा सेकंद फुकट जातात. त्यांनी त्याला प्रिंटर विसरायला लावलं. बावीस. गुरुवारी दुपारपर्यंत सगळं झाडून झालं, तरी आकडा वीसच्या खाली येईना. शेवटी बाईंना मूळ रोग सापडला. सगळ्यात जड वस्तू कोणती, तर दाखल्यांचा प्रोग्रॅम.

"बाई, थांबा," भाऊ खुर्चीतून उठले. "तोच काढलात तर दाखला कशावर काढायचा?"

"तो तुमच्या विभागाचा प्रश्न आहे. मी वेगाची माणूस."

भाऊ साहेबांकडे धावले. साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि मोठ्या मायेने समजावलं. "भाऊ, आधी वेग येऊ द्या. वेग आला की कामं आपोआप होतात. तुमची अडचण मला कळते हो, मलाही मुलगी आहे. पण कार्यालयाचा प्रश्न आहे."

प्रोग्रॅम गेला. लॅपटॉप नऊ सेकंदांत सुरू झाला. त्याच्यावर आता निळ्या पडद्याशिवाय काही नव्हतं, पण तो निळा पडदा फार चपळाईने येत होता, हे कबूल केलं पाहिजे.

त्या संध्याकाळी घरी कोणी भाऊंशी नीट बोललं नाही. मुलगी ताटावरून लवकर उठली. "छत्तीस वर्षं लोकांची पोरं कागदावर जन्माला घातलीत," बायको म्हणाली, "आणि पोटची तेवढी राहिली." भाऊंना स्वतःची फार लाज वाटत होती. साहेबांना बाईंसमोर वाटली होती तशी नव्हे, खरीखुरी लाज.

खरं तर नऊ सेकंदांवर हे प्रकरण थांबायला हवं होतं. पण शुक्रवारी बातमी आली की समोरच्या मृत्यूनोंदणी कार्यालयाचा लॅपटॉप सात सेकंदांत सुरू होतो. मेलेल्यांचं काम जिवंतांच्या आधी व्हावं हे साहेबांच्या जिव्हारी लागलं. वेगतज्ज्ञ बाईंना थांबवून घेतलं. त्यांनी दिवसभर अभ्यास करून सात पानी अहवाल दिला. त्यातल्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'यंत्राच्या मंदपणाचं उर्वरित कारण: वापरकर्ता.'

बाईंनी ते आकडे देऊन पटवलं. लॅपटॉप स्वतः नऊ सेकंदांत तयार होतो. पण भांडारपालांनी वर येणं, तिघांनी आळीपाळीने भिंतीकडे वळणं, चष्मे शोधणं, एकाची कळ चुकणं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं, यात साडेसहा मिनिटं जातात. शिवाय वापरकर्ता एकदा आत शिरला की काही ना काही करतोच, आणि त्याने काही केलं की यंत्र मंद होतं. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "मुद्देसूद आहे," ते म्हणाले.

तिन्ही वापरकर्त्यांना लॅपटॉपमधून काढून टाकण्यात आलं. लॅपटॉप चार सेकंदांत सुरू झाला आणि त्याने कोणालाही काहीही विचारलं नाही. भांडारपालांनी गुडघ्यांवर हात ठेवून सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्यापुरता तरी त्या यंत्राचा उपयोग झाला म्हणायचा.

शनिवारी सकाळी दहा वाजता मोठे साहेब स्वतः आले. लॅपटॉप आठ वेळा सुरू करून बंद करण्यात आला. आठही वेळा टाळ्या पडल्या. मग मोठ्या साहेबांनी कार्यालयाला प्रशस्तिपत्र जाहीर केलं. जाहीर केल्यावर लक्षात आलं की ते छापायला कार्यालयात काहीच नाही. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हाक मारली, "भाऊ, तुमचं अक्षर चांगलं आहे. घ्या बघू लिहून."

भाऊंनी जाड कागद घेतला, काळ्या शाईचं पेन घेतलं आणि पाच मिनिटांत प्रशस्तिपत्र लिहिलं. मोठ्या साहेबांनी सही केली, शिक्का मारला, फोटो काढला. सगळ्यांनी ते वाचलं आणि वाहवा केली. कोणीही म्हणालं नाही की हे हाताने लिहिलेलं आहे.

तेव्हा भाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला. खणात कोरे दाखले होते. रजिस्टर कपाटात होतं. शिक्का टेबलावर, पेन हातात. काखेत कळसा असून आठवडाभर ते गावाला वळसा घालत होते. त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं, स्वतःच लिहिलेली नोंद स्वतःच बघून दाखला लिहिला. साहेब इतक्या आनंदात होते की त्यांनी न वाचता सही केली. सव्वाअकरा वाजले होते.

कॉलेजच्या दाराशी मुलगी उभीच होती. बापाच्या हातातला कागद बघून तिच्या जिवात जीव आला. दोघं रांगेत लागली. खिडकीशी नंबर आला तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती.

खिडकीतल्या बाईंनी दाखला हातात घेतला. उजेडासमोर धरला. शिक्का पाहिला, सही पाहिली, अक्षर पाहिलं. "किती सुंदर अक्षर आहे हो," त्या मनापासून म्हणाल्या आणि कागद परत सरकवला. "कॉम्प्युटरचा आणा."

"बाई, हा खरा आहे."

"खरा आहे ना, मी कुठे नाही म्हणते? पण खरा दिसायला नको का?"

"कॉम्प्युटरवर तरी काय असतं? मीच हे रजिस्टर बघून टाइप करतो. छत्तीस वर्षं मीच करतोय."

"मग तेवढं टाइप करून आणा. तुमचंच तर ऑफिस आहे. नवा लॅपटॉप आलाय म्हणे तुमच्याकडे, चार सेकंदांत सुरू होतो."

भाऊंनी मुलीचा खांदा धरून तिला पुढे केलं. "ही बघा. समोर उभी आहे. जन्मली नसती तर उभी राहिली असती का?"

"काका, उभं राहणं हा पुरावा नाही," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

मागे रांगेत पंचवीस-तीस माणसं होती. सर्वांच्या हातात छापील कागद होते. कोणीतरी म्हणालं, "काका, बाजूला व्हा ना. तुमच्यामुळे सगळ्यांना उशीर होतोय." आणखी कोणीतरी, जरा हळू आवाजात, म्हणालं, "हाताने लिहिलेलं घेऊन येतात अजून. असल्या माणसांमुळेच कामं अडतात." रांगेने मान हलवली.

बारा वाजले. बाईंनी यादीतल्या पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. भाऊंच्या मुलीने दाखल्याची नीट चौघडी केली, पर्समध्ये ठेवली आणि "चला बाबा," एवढंच म्हणाली. भाऊ रांगेकडे न बघता तिच्या मागोमाग चालू लागले.

आपण त्या रांगेत असतो तर मान हलवली नसती, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. त्या रांगेतल्या प्रत्येकाला नंतर विचारलं, तेव्हा प्रत्येकाने अगदी हेच सांगितलं.