सकाळी आठ. एक चिमटा. बस.

जगातले निम्मे अनर्थ माणसं नीट वाचत नाहीत म्हणून होतात, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो. सव्वीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधन करतोय. दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेणारा आमच्या घरात मी एकटाच. बायको तेच काम फुकट करते.

त्यामुळे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर माझ्या मेहुणीकडे निघाले आणि जाताना माशाच्या टाकीवर त्यांनी चिठ्ठी डकवली, तेव्हा घरातला सगळ्यात निर्धास्त माणूस मी होतो. चिठ्ठीत लिहिलं होतं : 'सकाळी आठ. एक चिमटा. बस.'

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. तीन शब्दांत भागलं तर चौथा खर्च करत नाहीत. वर्षापूर्वी सासूबाई गेल्या आणि ते आमच्याकडे राहायला आले, ते दोनच वस्तू घेऊन. एक हत्यारांची पेटी, दुसरा सासूबाईंचा सोनेरी मासा. सासूबाई त्याला 'ठोंब्या' म्हणायच्या. हे नाव त्यांनी मुळात दुसऱ्याच कोणासाठी शोधलं असावं असा माझा जुना संशय आहे, पण ते असो. सासरे रोज संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची ओढून बसत. एक शब्द बोलत नसत. ठोंब्याही तसाच, मितभाषी!

निघताना सासऱ्यांनी माझा दंड धरला.

"जावईबापू, तिचं आता एवढंच उरलंय हो."

"बाबा, तुम्ही अगदी निश्चिंत जा!"

हे वाक्य उच्चारणाऱ्यांवर कायद्यानं बंदी हवी.

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला मी दाण्यांचा डबा उघडला आणि स्वयंपाकघरातून चिमटा आणला. चांगला पसरट तोंडाचा, गरम झाकणं उचलायचा.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"चिमटा."

"अहो, बाबांना चिमूट म्हणायचं असेल!"

"चिमूट म्हणायचं असतं तर चिमूट लिहिलं असतं. इथे 'म'ला ऊकार नाही आणि 'ट'ला काना ठसठशीत आहे. आयुष्यभर ज्या माणसानं काटा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो काना होऊ देईल?"

"पण एवढासा जीव तो..."

"मजकूर वाचावा. मजकुरात नसलेलं वाचू नये."

बायको आत निघून गेली. पटून नव्हे. तिनं पुढचं सगळं आधीच पाहिलं होतं.

चिमट्यात मोठा चमचाभर दाणे आले. ठोंब्या असा तुटून पडला, की मला वाटलं सासरे इतके दिवस त्याला अर्धपोटीच ठेवत होते! खाऊन झाल्यावर काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत त्यानं आ केला. माझ्याकडे इतक्या आशेनं घरात बऱ्याच वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. मंगळवारी आणि बुधवारी मी चिमटा जरा दाबून भरला.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर टाकीत दूध सांडल्यासारखं पाणी, आणि त्या दुधात ठोंब्या एका कुशीवर. पोट टम्म! कल्ले तेवढे हलत होते.

आणि फोन वाजला.

"ठोंब्या काय करतोय?" सासऱ्यांनी विचारलं. ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं.

"पडलाय जरा, बाबा."

"जेवला?"

"भरपूर!"

इतकं खरं बोलून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बायकोनं फोन हिसकावून घेतला, दोन गोड वाक्यं बोलून ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"त्यांना एक अक्षर सांगायचं नाही! डॉक्टरांनी बजावलंय, डोळ्याला पाणी लागता कामा नये. बाहेरचं नाही आणि आतलंही नाही!"

मी तसाच माशांच्या दुकानात धावलो.

"किती घालता?" दुकानदारानं विचारलं.

"एक चिमटा."

"म्हणजे चिमूट."

"नाही. चिमटा." मी हातानं लांबी दाखवली.

त्यानं डोळे मिटले. दुकानातले सगळे मासे माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं. मासे डोळे मिटत नाहीत, हे तेव्हा फार जाणवलं.

"साहेब, माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. तुम्ही त्याला पंगतीला बसवलंत!"

"वाचेल का? माझ्या सासऱ्यांचं तेवढंच..."

दुकानदाराचा आवाज खाली आला. "तीन दिवस दाणा दाखवू नका. रोज थोडं थोडं पाणी बदला. चौथ्या दिवशी मटार उकडा, साल काढा, अर्धाच द्या."

"आणि त्यानं मागितलं तर?"

"मागणारच तो. मासा कधी पुरे म्हणत नाही. ते आपण म्हणायचं."

तीन दिवस मी बादल्या वाहिल्या. सकाळी आठला टाकीकडे पाठ करून चहा प्यायलो. शुक्रवारी ठोंब्या तिरका तिरका का होईना, काचेपाशी आला आणि आ केला. मी त्याला म्हटलं, "अरे, नाही रे बाबा देता येत!" एवढ्या मवाळ आवाजात मी छापखान्यात मालकांशीसुद्धा बोलत नाही.

रविवारी सकाळी मी मटार सोलत बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"तेवीस वर्षं झाली लग्नाला. माझ्यासाठी साधं केळं सोललं नाहीत कधी."

"तू कधी आडवी झाली नाहीस."

ती हसली. ठोंब्यानं अर्धा मटार गिळला आणि दुपारपर्यंत सरळ झाला. दुपारीच सासरे आले. काळा चष्मा लावून थेट टाकीसमोर बसले. नव्या डोळ्यानं बराच वेळ पाहिलं.

"पाणी बदललंय."

माझ्यानं राहवलं नाही. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, पुरावा म्हणून चिमटाही आणून दाखवला. सासऱ्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग त्यांनी हत्यारांची पेटी उघडली आणि घड्याळाचे स्क्रू उचलायचा, सुईसारख्या टोकांचा एक चिमटा बाहेर काढला.

"हा. चार दाणे येतात यात."

म्हणजे मी वाचलं होतं अचूक! पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

"चुकलो, बाबा. आईंची एवढी एक आठवण, आणि मी..."

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले.

"बाबा, डोळे!" बायको ओरडली. "रडायचं नाहीये!"

"हसतोय गं." त्यांनी हळूच मान वळवली. "तुझी आई मूठभर टाकायची. 'बघा कसा आ करतोय, उपाशी आहे बिचारा!' म्हणून तर मी चिमटा काढला. तरी माझी पाठ वळली की टाकायचीच."

"मग ठोंब्याला काही झालं नाही?" बायकोनं विचारलं.

"झालं की. ती बाहेर गेली की मी जाऊन तस्साच दुसरा आणायचो."

"आणि आईला कळलं नाही?"

"तिनं ठोंब्या म्हटलं की तोही आ करायचा."

आम्ही तिघंही टाकीकडे वळलो.

"मग हा?" मी विचारलं.

"हा पाचवा," सासरे म्हणाले.