मुंग्यांसकट सर्वांना सुरक्षित

माणूस गेल्याचं माणसांना त्याच दिवशी कळतं. घराला कळायला मात्र सरासरी तीन आठवडे लागतात. आमच्या घराला ते एका मंगळवारी सकाळी सव्वासातला कळलं. मी चहात साखर घातली आणि ती पोहायला लागली.

बत्तीस वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात मुंगी दिसली नव्हती. इमारतीतल्या बाकी अकरा घरांत दिसायची. माझ्या बायकोकडे काहीतरी जालीम घरगुती औषध आहे, यावर त्या अकराही घरांचं एकमत होतं. (या इमारतीत दुसऱ्या कशावरही एकमत झाल्याची नोंद नाही.) जो विचारेल त्याला ती कृती सांगायची, एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी. लोक म्हणायचे, "वहिनी, खरं काय ते सांगा." ती नुसती हसायची. त्यामुळे व्हिनेगरवर कोणाचाच विश्वास बसला नाही.

आता मी तेच मिश्रण दिवसातून चार वेळा फवारलं. मुंग्या तेवढ्यापुरत्या बाजूला व्हायच्या, पाहुण्यांना वाट द्यावी तशा. माझी अट एकच होती. फळीवरचे चौदा डबे हलवायचे नाहीत. ते तिने शेवटचे लावले होते.

मुंग्या भिंतीतून सेक्रेटरींच्या बेडरूममध्ये पोचल्यावर प्रश्न सार्वजनिक झाला आणि समिती नेमली गेली. समितीत सेक्रेटरी, केमिस्ट्रीचे निवृत्त सर आणि मी. मला दुःखातून बाहेर काढायला म्हणून घेतलं होतं. (आधी मला हास्यक्लबात नेलं होतं. तिथे मी हसलो नाही आणि माझ्यामुळे आणखी दोघं थांबले.)

औषध घरगुती हवं, पाळीव प्राण्यांना निर्धोक हवं आणि पर्यावरणाला बाधक नको, असं ठरलं. लवंगेचं तेल मांजराला सोसत नाही म्हणून बाद झालं. बोरिक पावडर कुत्र्याने चाटली तर काय, म्हणून तीही बाद. मीठ कुंड्यांतल्या झाडांच्या मुळावर उठतं म्हणून बाद. मिरपुडीने सेक्रेटरींना सलग सतरा शिंका आल्या, पण सेक्रेटरी पाळीव प्राण्यांत मोडत नाहीत याची खात्री करून ती विचाराधीन ठेवली.

तिसऱ्या बैठकीत सरांनी मुळालाच हात घातला. "मुंगी पर्यावरणात येते की नाही?"

"येते की," सेक्रेटरी म्हणाले.

"मग तिला बाधून कसं चालेल?"

सेक्रेटरींनी प्रश्न मताला टाकला. तीन विरुद्ध शून्य मतांनी मुंगीला संरक्षण मिळालं आणि काम एकदम सोपं झालं. क्रमांक नऊच्या मिश्रणात काकडीची सालं आणि उकळून गार केलेलं पाणी होतं. चाचणीत एक कुत्रा, आमचं मांजर, एक पोपट आणि अंदाजे चार हजार मुंग्या सहभागी झाल्या. सगळे सुखरूप. चाचणीअखेर मुंग्या चार हजार दोनशे भरल्या. सरांच्या मते इतकं निर्धोक कीटकनाशक आजवर कोणी बनवलेलं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

शनिवारी मुलगी आली. फळीकडे बघून म्हणाली, "बाबा, हे काय? डबे खाली काढले नाहीत का?"

"कशाला काढायचे?"

"पुसायला. आई रोज दुपारी सगळे काढायची. फळी पुसायची, भेगेत साबण भरायची, मग परत लावायची."

"रोज?"

"रोज. तुम्ही ऑफिसात असायचात."

"मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली."

"मग झोपला असाल."

हे बरोबर आहे. एक ते तीन मी झोपायचो.

"काढू का मी?" तिने हात वर केला.

"नको. तिने लावलेत ते."

मुलीने हात खाली घेतला. आम्ही दोघांनी मुंग्यांकडे बघितलं. त्यांचं काम चालू होतं.

ही नवी माहिती मी समितीपुढे ठेवली. "पुसणे" याला औषध म्हणता येणार नाही, त्यात रसायन कुठे आहे, असं सरांनी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "आणि रोज करणार कोण?" प्रश्न इतिवृत्तात घेतला. मग पाहणी केली. तुमच्या घरची फळी कोण पुसतं, असं अकरा घरांतल्या कर्त्या पुरुषांना विचारलं. नऊ जण म्हणाले, आमची स्वच्छच असते. एकाने विचारलं, कुठली फळी? एक झोपले होते.

तुम्ही हे कृतीसाठी वाचत इथवर आला असाल, तर कृती वर दिलीच आहे. एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी. तुमच्या घरात मुंग्या नसतील तर ती लागू पडते आहे असं समजा आणि खुशाल पडून राहा. उठून स्वयंपाकघरात डोकावू नका. तिथे कोणीतरी स्टुलावर उभं असेल आणि तुमच्या हातात डबा देईल.

माझ्याकडे फडकं आहे, साबण आहे, दुपारही अख्खी मोकळी आहे. पहिला डबा अजून खाली काढलेला नाही.