निनावी अर्जावर कारवाई होत नाही

उमरखेडच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर किसनसिंग यांनी १९५९ साली चित्रकलेचं त्रैमासिक काढायचं ठरवलं. फुलसावंगीजवळच्या तांड्यातला माणूस मासिक काढतो, म्हणून गावाला कौतुक वाटलं. अडचण एवढीच होती, की कायद्याप्रमाणे आधी नाव मंजूर व्हायला हवं होतं.

मास्तरांनी कचेरीत नाव दिलं, 'रेघ'.

हेडबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "मास्तर, सरकारनं मराठवाड्याची आन् आपली हद्द आत्ताच मोडली. तुम्ही पुन्हा रेघ कायले ओढून राह्यले?"

"बाबूजी, पेन्सिलची रेघ हाय."

"हद्द पेन्सिलनंच आखतेत."

मग मास्तरांनी 'रंग' दिलं. "कोणता?" बाबूंनी विचारलं. मास्तर म्हणाले, "सगळेच." सगळ्यांत लालही येतो, म्हणून कागद पोलिसांकडे गेला आणि तिथे मुरला. तिसरं नाव 'माती'. ते शेतकी खात्याकडे गेलं. माती काळी की मुरमाड, अशी उलट विचारणा आली.

घरी बायको रुपीबाई वैतागली. "नावच नका ठेवू. पोरं बिननावाचीच जन्मतात, मंग बारसं होते."

मास्तरांना ते पटलं. त्यांनी 'निनावी' असं लिहून दिलं.

"निनावी अर्जावर कारवाई होत नाही," बाबू शांतपणे म्हणाले. "तसं परिपत्रकच हाय. तुम्ही असं करा, गावच्या प्रतिष्ठितांची संमती आना. मंग मले काही म्हनता येनार नाही."

गावचे पुढारी देवराव यांच्या ओसरीवर सभा भरली. प्रत्येक प्रतिष्ठिताने आपला एकेक शब्द घातला, आणि दुसऱ्याचा काढायला कोणी धजेना. शेवटी ठरलं : 'सर्वोदयी विकासोन्मुख सदाचार कलाप्रबोधन पत्रिका'. कचेरीने उभ्या उभ्या मंजुरी दिली. त्यात आक्षेप घ्यावा असं काही नव्हतं, कारण त्यात काहीच नव्हतं.

छापखान्यात ते नाव सगळ्या मुखपृष्ठावर पसरलं. मास्तरांनी मुखपृष्ठासाठी जिवापाड जपलेलं चित्र आतल्या पानावर सरकवलं. तिथे देवरावांचा आशीर्वाद आला, चित्र कोपऱ्यात गेलं. मग उरलेल्या प्रतिष्ठितांचे शुभसंदेश आले. अखेर दोन संदेशांच्या मध्ये टपालाच्या तिकिटाएवढं ते कसंबसं टिकलं.

प्रकाशन थाटात झालं. जो तो आपला संदेश शोधून मोठ्याने वाचत होता. "अंक फक्कड झाला, मास्तर!" देवराव म्हणाले. "नावातच सगळं आलं." मास्तर दारात उभे राहिले. जाता जाता एखादा तरी चित्राबद्दल बोलेल, अशी त्यांना आशा होती. लोक हात जोडून, अंक काखेत मारून गेले. दुसरा अंक निघाला नाही.

पुढे मास्तर ही हकीगत रंगवून सांगू लागले. ऐकणारे पोट धरून हसत, नावं पुन्हा सांगायला लावत. पण ते चित्र कशाचं होतं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

तुम्ही तरी कुठं विचारलंत?